पादभग्न : बंधनापूर्वी दर्शन



गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या वनराजीलगत बोदलकसा हे तलावासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. भाताची शेती, तलावातील मासेमारी आणि रानातील मोहफुले, तेंदूपाने यांवर या परिसरातील अनेक कुटुंबांची उपजीविका चालते. यांपैकी प्रत्येक काम पायांवर उभे राहून, चिखलात किंवा चढउतारावर करावे लागते. पावसाळ्यापूर्वी घरावरची कवेलू फेरताना एखादा शेतकरी छपरावरून घसरतो आणि थेट टाचेवर आदळतो. ट्रॅक्टरचे चाक कुणाच्या पावलावरून जाते. बांधावरून उतरताना पाऊल खड्ड्यात अडकून पिळवटते. अशा वेळी रुग्ण प्रथम कोणाकडे येतो? बहुधा जवळच्या वैद्याकडे किंवा हाड बसविणाऱ्याकडे. त्या पहिल्या घटकेत जे केले जाते अथवा टाळले जाते, त्यावर तो पुन्हा बांधीत उभा राहणार की नाही, हे पुष्कळ अंशी ठरते. म्हणून प्रस्तुत विषय केवळ शल्यविशारदांचा नाही. तो आपलाही आहे.

शास्त्रदृष्टी

आचार्य सुश्रुतांनी निदानस्थानात भग्नाचे संधिमुक्त व कांडभग्न असे दोन भेद सांगून पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा प्रकार वर्णिले आहेत. चिकित्सास्थानात आंछन, पीडन, संक्षेप व बंधन हा उपक्रम आहे. खाली दबलेले अस्थी वर उचलावे, वर आलेले दाबावे, हे त्याचे सूत्र होय. कुशांसाठी मधुक, उदुंबर, अश्वत्थ, पलाश, अर्जुन इत्यादींच्या साली सांगितल्या आहेत. बंधन शिथिल झाल्यास संधी स्थिर होत नाही आणि अतिगाढ झाल्यास शोफ, वेदना व त्वचेचा पाक होतो, हा इशारा आजही तंतोतंत लागू पडतो.

पावलाविषयी आचार्यांचे निरीक्षण विशेष सूक्ष्म आहे. एका पायाची अस्थिगणना करताना बोटांची पंधरा, तल-कूर्च-गुल्फाश्रित दहा व पार्ष्णीचे एक अशी एकूण २६ अस्थी ते सांगतात. आधुनिक शारीरातही पावलातील अस्थी २६ आहेत. गणनेची विभागणी भिन्न असल्याने या साम्यातून फार निष्कर्ष काढू नयेत. परंतु एवढ्याशा जागेत इतके अस्थी व इतके संधी आहेत, हे ध्यानात ठेवावे. क्षिप्र, तलहृदय, कूर्च, कूर्चशिर व गुल्फ ही मर्मेही याच प्रदेशात येतात. गुल्फाच्या आघाताने स्तब्धपादता अथवा खंजता येते, असे शास्त्रवचन आहे.

आता प्रश्न असा की, सुजलेल्या पावलात दबलेले काय व वर आलेले काय, हे हाताला कळावे कसे? मांडीचे किंवा दंडाचे मोडलेले हाड चाचपता येते. पावलाचे लहान अस्थी मात्र एकमेकांत गुंतलेले, त्यावर शोफ आलेला. येथे स्पर्शपरीक्षा अपुरी पडते.

प्रतिमा काय दाखविते

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. पार्ष्णिभग्नात बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रावर बोलर यांच्या नावाने ओळखला जाणारा कोन मोजतात. निरोगी टाचेत तो साधारणतः २० ते ४० अंश असतो. टाच दबली की तो घटतो, क्वचित उलटाही होतो. मात्र क्ष-किरण चित्र ही छाया आहे. पुढचे व मागचे अस्थी त्यात एकावर एक पडतात.

ही उणीव सी. टी. स्कॅनने भरून काढली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली प्रथम रुग्णाच्या मस्तकाचे छेद दाखविले. १९७९ साली त्यांना व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हे तंत्र पावलापर्यंत आले. १९९३ साली सँडर्स यांनी टाचेच्या मागील संधिपृष्ठाचे किती तुकडे सरकले आहेत, यावरून सी. टी. छेदांच्या आधारे चार प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात तुकडे सरकलेले नसल्याने सहसा शस्त्रकर्म लागत नाही. चौथ्यात संधिपृष्ठाचा इतका चुरा होतो की, काही वेळा तो संधी जोडून स्थिर करण्याचा विचार करावा लागतो. छेद कोठे घ्यावा, कोणता तुकडा आधी उचलावा, स्क्रू कोणत्या दिशेने जावा, हे शल्यविशारद प्रतिमेवरून आधीच ठरवितो. शस्त्रकर्म चालू असतानाही सी-आर्म या क्ष-किरण यंत्रावर प्रत्येक टप्पा पडताळता येतो.

प्रतिमा शस्त्रकर्माकडेच नेते असे नाही. टाच सरकून मोडलेल्या १५१ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. अत्यंत विद्रूप भग्न त्यातून वगळले होते. उर्वरितांत दोन वर्षांनंतर शस्त्रकर्माचा विशेष लाभ दिसला नाही. म्हणजे शस्त्र कोठे उचलू नये, हेही प्रतिमेमुळेच विचारपूर्वक ठरविता येते.

निसटणारे निदान

पावलाच्या मध्यभागी, लांब अस्थी जेथे कूर्चातील अस्थींना मिळतात, तेथील इजा फ्रेंच शल्यविशारद लिस्फ्रँक यांच्या नावाने ओळखली जाते. साध्या क्ष-किरण चित्रात ती पुष्कळदा निसटते आणि ‘पाय मुरगळला’ म्हणून रुग्णाला तेल लावून घरी पाठविले जाते. काही महिन्यांनी पावलाची कमान बसते व चालणे दुःसह होते. तळव्याच्या मध्यावर काळेनिळे डाग दिसले, तर या इजेची शंका घ्यावीच. सोसवेल तेव्हा उभे राहून, दोन्ही पावलांची तुलनात्मक चित्रे घ्यावीत. शंका उरल्यास सी. टी. करावे. केवळ बंध तुटल्याची शंका असल्यास एम. आर. आय. उपयोगी पडते.

वैद्याचे कर्तव्य

क्ष-किरण केव्हा काढावा, यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली मांडलेले नियम खेड्यातही वापरता येतात. पावलाच्या मध्यभागी वेदना असून करंगळीमागील लांब अस्थीच्या मुळाशी किंवा आतल्या बाजूच्या नौकाकृती अस्थीवर दाबल्यास दुखत असेल, अथवा रुग्णास इजेनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर चित्र काढावेच. उंचावरून टाचेवर पडलेल्यास या नियमांची वाट पाहू नये. त्याचा पाठीचा कणाही तपासावा, कारण आघात वर चढतो.

अशा रुग्णाचे मर्दन करू नये, ओढाताण करू नये, गाढ बंधन बांधू नये. पाय मऊ आधारात, सैल फळीवर, हृदयापेक्षा उंच ठेवावा. बोटांचा रंग, उष्णता व संवेदना पाहून नोंदवावी. बोटे हलविताच असह्य वेदना होत असतील किंवा टाचेमागील त्वचा आतून ताणून पांढरी पडली असेल, तर तासांचाही विलंब नको. जखम उघडी असून तीत बांधीतला चिखल गेला असेल, तर लेप वा चूर्ण न भरता स्वच्छ कापडाने झाकावी आणि धनुर्वाताच्या लसीसह रुग्णास त्वरित पाठवावे. गोंदिया येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरचा मार्गही रुग्णांना परिचित आहे. सोबतच्या चिठ्ठीत इजेची वेळ, प्रकार व केलेले उपचार लिहावेत.

त्वचा झाकलेली असल्यास शोफ उतरून तिच्यावर सुरकुत्या दिसेपर्यंत, बहुधा एक ते दोन आठवडे, शल्यविशारद थांबतात. ‘डॉक्टरांनी नुसतेच झोपवून ठेवले’ म्हणून नातलग रुग्णास परत आणू पाहतात. तेव्हा त्यांना समजावणे आपल्याच हाती असते, कारण ते आपले ऐकतात. पुढे अस्थिसंधान झाल्यावर, शल्यविशारदाच्या संमतीने, स्नेहन, आहार व क्रमशः चालण्याचा अभ्यास यांत आपले स्थान आहेच.

सुश्रुतांनी शरीर वाहत्या पाण्यात ठेवून, थर उलगडून, डोळ्यांनी पाहावयास सांगितले. प्रत्यक्ष पाहिलेले व शास्त्रात वाचलेले एकत्र आले म्हणजेच ज्ञान वाढते, ही त्यांची धारणा होती. जिवंत पावलाचे अंतरंग आज त्वचा न उघडता दिसते. ते न पाहता केलेले बंधन आचार्यांना मान्य झाले असते, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.