सिअर्स टॉवर आणि ढाक्याचा इंजिनिअर

दुबईहून सुट्टीवर आलेला भाचा मोबाईलवर बुर्ज खलिफाचे फोटो दाखवतो आणि सगळं घर त्याच्याभोवती जमतं. कोकणातल्या आपल्या बऱ्याच घरांतलं हे चित्र. पण एवढी उंच इमारत वाऱ्यात उभी कशी राहते, असं एखाद्या पोराने विचारलं की आपण गप्प बसतो. या प्रश्नाचं उत्तर शोधत आम्ही निघालो आणि दुबईऐवजी पोहोचलो अमेरिकेतल्या शिकागो शहरात. तिथे एक नाव सापडलं, जे आमच्या घरातल्या एकाही मुलाला माहीत नव्हतं: फजलुर रहमान खान.

खानसाहेबांचा जन्म १९२९ सालचा, ढाक्याचा. वडील गणिताचे शिक्षक. कोलकात्याजवळच्या शिबपूरला आणि ढाक्यात इंजिनिअरिंग शिकून ते १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. तीन वर्षांत दोन मास्टर्स आणि एक पीएचडी! पुढे शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कंपनीत ते लागले. बुर्ज खलिफाचं डिझाईनही पुढे याच कंपनीने केलं.

आता मूळ मुद्दा. उंच इमारतीचा खरा शत्रू तिचं वजन नाही, वारा आहे. दहा मजल्यांना वाऱ्याचं फारसं काही वाटत नाही, पण शंभर मजल्यांवर तो सगळ्या इमारतीलाच ढकलतो. जुन्या पद्धतीत आतबाहेर सगळीकडे खांब आणि तुळयांचं जाळं असायचं. उंची वाढली की वाऱ्यासाठी लागणारं लोखंड इतकं वाढायचं की खर्च मालकाच्या आवाक्याबाहेर जायचा. खानसाहेबांनी हा हिशेबच बदलला. ताकद आतल्या खांबांत विखुरण्यापेक्षा बाहेरच्या भिंतीवर आणायची, तिथे खांब जवळजवळ लावायचे आणि त्यांना मजबूत तुळयांनी बांधून टाकायचं. मग सगळी इमारत एका पोकळ नळीसारखी काम करते. तेवढ्याच लोखंडाची एक भरीव सळई आणि एक रुंद पोकळ पाइप घेऊन वाकवायला जा, पाइप दाद देत नाही. पावसाळ्यातल्या वाऱ्यात बांबू टिकतो, त्यामागेही हाच पोकळपणा आहे.

शिकागोचं १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटर याच विचारातून उभं राहिलं. त्याच्या बाहेरून दिसणाऱ्या मोठमोठ्या फुल्या शोभेच्या नाहीत, त्या वाऱ्याचा भार वाहतात.

मग आली सिअर्स कंपनी. त्या काळी हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं दुकानदार घराणं होतं आणि त्यांना शिकागोतले आपले कर्मचारी एका छपराखाली आणायचे होते. जागा भरपूर हवी, म्हणजे इमारत रुंद हवी. पण एकच नळी फार रुंद केली तर एक अडचण येते. कोपऱ्यातले खांब भार घेतात आणि मधले आळशी राहतात. खानसाहेबांनी तोड काढली: एक नळी नको, नऊ नळ्यांची मोळी बांधायची. प्रत्येक नळी ७५ फूट चौरस, तीन रांगांत तीन-तीन. दोन नळ्यांमधली खांबांची रांग दोघींची सामाईक, त्यामुळे मधल्या खांबांनाही कामाला लागावं लागतं. आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम यांनी सिगारेटींचा जुडगा हातात धरून, काही वर काही खाली सरकवून ही कल्पना दाखवली, असा किस्सा सांगतात. सिगारेटचा एवढाच काय तो चांगला उपयोग म्हणायचा.

इमारत पाहिली की हे लगेच कळतं. ५० व्या मजल्यापर्यंत नऊही नळ्या आहेत. तिथे दोन थांबतात, ६६ व्या मजल्यावर आणखी दोन, ९० व्यावर तीन. उरलेल्या दोनच शेवटपर्यंत जातात. १९७३ मध्ये तिने पूर्ण उंची गाठली तेव्हा १,४५० फुटांची ही ११० मजली इमारत जगात सर्वांत उंच ठरली. हा मान पुढे १९९८ मध्ये क्वालालंपूरच्या पेट्रोनास टॉवर्सकडे गेला. सिअर्स कंपनीने मात्र १९९० च्या दशकातच ही इमारत सोडली. २००९ पासून तिचं नाव विलिस टॉवर आहे, पण शिकागोचे लोक अजून जुन्याच नावाने तिला ओळखतात.

खानसाहेब फक्त आकडेमोडीत बुडालेले नव्हते. १९७१ मध्ये बांगलादेशात कत्तल सुरू होती तेव्हा त्यांनी शिकागोत मदत गोळा करण्यासाठी संघटना उभी केली. आणि त्यांचं एक काम आपल्यातल्या कितीतरी लोकांनी पाहिलंय, कुणाचं ते माहीत नसताना. जेद्दाह विमानतळाचं हज टर्मिनल! पांढऱ्या कापडाचे ते २१० तंबू पोलादी दोरांवर टांगलेले आहेत. तंबूच्या टोकाला असलेल्या मोकळ्या जागेतून गरम हवा वर निघून जाते आणि खाली एहराममध्ये बसलेल्या हाजींना सावली मिळते. १९८१ मध्ये ते सुरू झालं.

पुढच्याच वर्षी, २७ मार्च १९८२ रोजी, त्याच जेद्दाह शहरात हृदयविकाराच्या झटक्याने खानसाहेबांचा इंतकाल झाला. वय ५२. त्यांना शिकागोत दफन केलं. सिअर्स टॉवरच्या पायथ्याशी जॅक्सन आणि फ्रँकलिन हे रस्ते जिथे मिळतात, त्या कोपऱ्याला आता त्यांचं नाव आहे.