शनिवार रात्रीचा फुटबॉल

लिव्हरपूल की मँचेस्टर युनायटेड, यावरून आपल्या मॉरिशसमध्ये एकाच घरात दोन तट पडतात, हे वाचकांना सांगायला नको. पण शनिवारी आपण येथे बसून जो सामना पाहतो, तो इंग्लंडमधील माणसाला पुष्कळदा घरी पाहता येत नाही, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. तेथे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करायचे नाही, असा नियम आहे. मैदाने ओस पडू नयेत, हा हेतू. आपल्याला संध्याकाळी सहा-सातला दिसलेला गोल पाहण्यासाठी तिकडे रात्रीपर्यंत थांबावे लागते, बी.बी.सी.च्या ‘मॅच ऑफ द डे’ या कार्यक्रमाची वाट पाहत.

२२ ऑगस्ट १९६४ रोजी तो सुरू झाला. ॲनफील्डवर लिव्हरपूलने आर्सेनलला ३-२ असे हरविले. समालोचक होते केनेथ वोल्स्टनहोम. मैदानात सुमारे ४७,००० माणसे, आणि पडद्यासमोर सुमारे २०,०००! बी.बी.सी.-२ ही नवी वाहिनी तेव्हा लंडनच्या परिसरातच दिसे. म्हणजे खुद्द लिव्हरपूलकरांना घरी काहीच दिसले नाही. तरीही क्लब धास्तावले. घरबसल्या दिसते म्हटल्यावर तिकीट कोण काढणार? म्हणून कोणता सामना दाखविणार, हे त्या दिवसाचा खेळ संपेपर्यंत गुप्त ठेवण्याचे ठरले. १९६९ मध्ये रंग आले, १९७० मध्ये बॅरी स्टोलर यांची ती प्रसिद्ध धून आली.

नव्वद मिनिटांचा खेळ काही मिनिटांत बसविणे म्हणजे आम्ही मुलांना शिकवितो ते सारांशलेखनच. काय गाळावे, यातच कसब. नीरस सामना शेवटी ढकलला की त्या संघाचे चाहते रागावतात. माझ्या मते त्यांचा राग पुष्कळदा रास्तही असतो.

पण बोलणारेच गाळले तर? मार्च २०२३ मध्ये तेही झाले. निवेदक गॅरी लिनेकर यांनी सरकारच्या आश्रितांविषयीच्या धोरणावर समाजमाध्यमात कडक टीका केली. निःपक्षपातीपणाच्या नियमावर बोट ठेवून बी.बी.सी.ने त्यांना बाजूला केले. ॲलन शिअरर, इयन राइट आदी सहकाऱ्यांनीही येण्यास नकार दिला. ११ मार्चला निवेदक नाही, तज्ज्ञ नाहीत, समालोचन नाही, धूनसुद्धा नाही, असा वीस मिनिटांचा कार्यक्रम झाला. गंमत अशी की, प्रेक्षक आधीच्या आठवड्यापेक्षा सुमारे पाच लाखांनी वाढले! काहींनी कुतूहलाने पाहिले असेल, काहींना ती शांतता खरोखरच आवडली असेल. दोन दिवसांत तडजोड झाली आणि लिनेकर परतले.

१९९९ पासून सांभाळलेली ती खुर्ची त्यांनी मे २०२५ मध्ये सोडली. पुढच्या हंगामापासून ती तिघांत वाटली गेली: मार्क चॅपमन, गॅबी लोगन आणि केली केट्स. तिघांपैकी दोघी स्त्रिया. या कार्यक्रमात स्त्रीच्या आवाजातील पहिले समालोचन ऐकू येण्यास २००७ साल उजाडावे लागले होते.