तोबरा, पेव आणि दोन विहिरी

घोड्याला चंदी चारायचा तोबरा घ्यायचा, त्यात गरम राख भरायची, तो माणसाच्या तोंडावर बांधायचा आणि पाठीत गुद्दा घालायचा. श्वास घेतला की राख थेट छातीत. पेंढाऱ्यांची ही रीत इंग्रजांच्या नोंदींत पुन्हापुन्हा येते. लिहिणारे त्यांचे शत्रूच होते, हे धरूनही अंगावर काटा येतो. निःशस्त्र कुणब्याला एवढं छळून मिळायचं काय?

पत्ता! पेंढाऱ्याला पगार नसे, पोट लुटीवर. आणि धान्य तर जमिनीखाली, पेवात. तोंडावर माती टाकून सारवलं की त्यावर उभं राहूनही पेव सापडत नाही. ते कुठे आहे, हे फक्त घरधन्याला ठाऊक.

सरदारांच्या फौजांचा डोळाही याच धान्यावर. 1802 मध्ये यशवंतराव होळकर पुण्यावर चालून गेले, तेव्हा नगरकडची श्रीगोंदा आणि जामगाव ही शिंद्यांची गावं लुटली गेली. भांडण दोन सरदारांचं, दोघेही एकाच पेशव्याचे. पण शिंद्यांचा पैसा रयतेच्या खळ्यातून यायचा, म्हणून वार खळ्यावर. 1803-04 च्या दुष्काळाचं खापर इंग्रजी अमलातलं नगर जिल्ह्याचं गॅझेटियर पावसाबरोबर या फौजांवरही फोडतं.

या धुमाकुळात भिल्लही लुटीला निघाले. त्यांतला लुटारू कोण, गरीब कोण, हे सरकारला सांगणारं कुणी नव्हतं. मग 1804 च्या सुमारास पेशव्यांचा खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना फसवून कोपरगावला बोलावलं आणि बहुतेकांना दोन विहिरींत ढकललं. गॅझेटियर आकडा 7 हजार देतं. दोन विहिरी आणि 7 हजार माणसं, हिशेब पटत नाही. पण निम्मे धरले तरी काय फरक पडतो?

अशी सरसकट कत्तल होते तरी का? ग्रीसच्या यादवीत गावोगाव कोण का मारलं गेलं, हे स्टॅथिस कॅलिवास या अभ्यासकाने तपासलं. त्याच्या 2006 च्या पुस्तकातली गोष्ट थक्क करते: जिथे एका बाजूचा अंमल पक्का, तिथे रक्तपात कमी. जिथे खबर देणारं कुणी नाही, तिथे सरसकट कत्तल. म्हणजे कोपरगावात दिसली ती पेशवाईची ताकद नव्हे, तिचं आंधळेपण.

1825 मध्ये इंग्रजांनी खानदेशात भिल्लांचीच पगारी पलटण उभारली. डोंगरवाटा आणि लुटारूंची नावं, दोन्ही तिच्या शिपायांना तोंडपाठ होती.