आपट्याचा पंजाब, पांडवांची लेणी

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर रसायनीनंतर आपटा लागतं. भातखाचरं, मागे डोंगर, लहानसा फलाट. याच फलाटावर १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट चित्रित झाला. वडिलांनी मुलीचा हात सोडला, ती धावत्या गाडीमागे पळाली आणि देशभरातल्या थिएटरांनी श्वास रोखला. पडद्यावर ते स्टेशन पंजाबातलं होतं. रायगड जिल्ह्यातलं आपटा तिथे असून नव्हतं.

सिनेमाचा यात काही गुन्हा नाही. ती गोष्ट होती आणि गोष्ट म्हणूनच सांगितली. पण कॅमेऱ्याला आपट्याचा पंजाब करता येतो, हे एकदा लक्षात आलं की टीव्हीवर ‘इतिहासातलं दडलेलं सत्य’ वगैरे सुरू झाल्यावर माणूस जरा सावरून बसतो. तिथेही हेच डोंगर, हेच घोडे, हाच धूर असतो. फरक एवढाच, की तिथे समोरचा म्हणतो, हे असंच घडलं.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत मराठी घरांत इतिहास शिरला तो पुस्तकांपेक्षा जास्त टीव्हीच्या वाटेने. १९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगलांचं ‘भारत एक खोज’ सुरू झालं. ५३ भागांची ती मालिका अनेकांचा पहिला इतिहासग्रंथ ठरली. तिच्यात नाट्य होतं, पण नेहरूंच्या वेशातले रोशन सेठ मधूनमधून येऊन सांगायचे, की हे मी वाचलं, त्यावरून मला असं वाटतं. सांगणारा कोण, हे प्रेक्षकाला दिसत होतं. पुढे परदेशी वाहिन्या आल्या, मग मोबाईल आला. आता निवेदकाचा चेहराही दिसत नाही. एक खर्जातला आवाज तेवढा उरला आहे, आणि खर्जातला आवाज सहसा ‘बहुधा’ म्हणत नाही.

माहितीपटाने दंतकथा आणि इतिहास वेगळे करावेत, ही अपेक्षा योग्यच आहे. काही जण ते उत्तम करतातही. पण ती निवड नेमकी कशी करायची, हे समजून घ्यायला कैरो किंवा ट्रॉय गाठायला नको. कर्जत-खालापूर पुरे.

दगडावरची सही

कर्जतहून कोंदिवड्याकडे जाऊन राजमाचीच्या पायथ्याचं रान चढलं, की कोंढाण्याची लेणी लागतात. साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली ही बौद्ध लेणी. चैत्यगृहाचं दर्शनी काम पाहिलं की चकित व्हायला होतं. लाकडी इमारतीतल्या तुळया, जाळ्या, कठडे असं सगळं दगडात उतरवलेलं. सुताराची भाषा पाथरवटाने बोलावी, तसं.

ही कोणी कोरली, असं कुठल्याही डोंगरात विचारा, उत्तर ठरलेलं असतं : पांडवांनी, एका रात्रीत. कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिलं, अशी जोडही असते. नाशिकच्या लेण्यांना तर नावच पांडवलेणी पडलं. तिथल्या भिंतींवर राजा नहपानाचा जावई उषवदात आणि सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री यांच्या दानांचे लांबलचक लेख आहेत, तरीही.

यात लोकांना हसण्यासारखं काही नाही. लेख होते, पण ते वाचणारं कोणी उरलं नव्हतं. ब्राह्मी लिपी देश विसरला होता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा उलगडली. त्याआधी शेकडो वर्षं गुराख्यांना आणि यात्रेकरूंना डोंगराच्या पोटात एवढं मोठं सभागृह दिसत होतं आणि ते करणारा कोणीच दिसत नव्हता. मग एवढं काम करण्याइतके बळकट कोण, याचा शोध महाभारतात जाऊन थांबला. पुरावा वाचता येईना, तेव्हा लोकांनी काढलेलं ते प्रामाणिक अनुमान होतं.

आता कोंढाण्याचा दगड वाचता येतो. चैत्याच्या दर्शनी भागात एका भग्न यक्षमूर्तीजवळ ब्राह्मीत एक छोटी ओळ आहे. तिचा अर्थ असा, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. त्यात राजाचं नाव नाही, देवाचं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने केलेली ती सही आहे.

चांगल्या माहितीपटाची इथे परीक्षा होते. ड्रोन उडवून, ढोल वाजवून ‘रहस्यमय गुंफा’ दाखवणं सोपं आहे. कॅमेरा त्या ओळीपाशी नेऊन, तिरपा प्रकाश पाडून, एकेक अक्षर बोटाने दाखवत वाचणं अवघड. पण दंतकथा गळून पडते ती या दुसऱ्या दृश्यात.

परग्रहावरचे पाथरवट

पांडवांची जागा आता परग्रहवासीयांनी घेतली आहे. वेरूळचं कैलास लेणं माणसांना शक्यच नव्हतं, ते आकाशातून आलेल्यांनी कोरलं, असं सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर रोज फिरतात. अमेरिकी टीव्हीवर याच धाटणीची ‘एन्शन्ट एलियन्स’ ही मालिका २०१० पासून चालू आहे.

कैलासाबद्दल आपल्याला खरोखर काय माहीत आहे? ते आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्याशी जोडलेलं. त्याच्याच घराण्यातल्या कर्काच्या बडोदा ताम्रपटात, म्हणजे साधारण ८१२ सालात, एलापुरावरच्या (वेरूळच्या) अद्भुत मंदिराचं वर्णन आहे : ते पाहून देव थक्क झाले आणि खुद्द कारागिरालाही पुन्हा असं जमेल की नाही अशी शंका आली. भिंतींवर छिन्नीच्या खुणा आहेत. वेरूळच्याच डोंगरात अर्धवट सोडलेली कामं आहेत आणि त्यांवरून खोदकाम कसं पुढे सरकायचं ते कळतं. कैलास एका दमात झालं नाही, ते टप्प्याटप्प्याने वाढलं, असं मधुकर ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी दाखवून दिलं आहे.

एवढं असूनही परग्रहवासी का हवे असतात? कारण ‘कोणी केलं असेल?’ या प्रश्नावर जाहिरातींच्या विश्रांतीपर्यंत माणसाला खुर्चीला खिळवून ठेवता येतं. ‘पाथरवटांनी, पिढ्यान् पिढ्या खपून’ हे उत्तर दिलं की प्रश्न मिटतो. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर ग्रॅहॅम हॅन्कॉकची ‘एन्शन्ट अपॉकलिप्स’ आली, तेव्हा अमेरिकेतल्या पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेने कंपनीला जाहीर पत्र लिहून सांगितलं, की हिला माहितीपट म्हणू नका, विज्ञानकथेत टाका. एका लुप्त प्रगत संस्कृतीने जगाला शहाणं केलं, असं म्हटलं की त्या त्या भूमीतल्या माणसांचं कर्तृत्व पुसलं जातं, हाही त्यांचा आक्षेप होता.

पांडव काय, परग्रहवासी काय, दंतकथा बहुतेक वेळा कोणाचं तरी श्रेय पळवते. त्यातल्या त्यात पांडव तरी घरचे!

खिंडीत उतरलेला खान

खालापूर तालुक्यातच चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ ची लढाई इथली. शाइस्ताखानाने पुण्याहून कारतलबखानाला कोकणात धाडलं. लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने फौज खाली उतरली आणि दाट झाडीच्या अरुंद वाटेत शिवाजी महाराजांनी तिला पुढून-मागून कोंडलं. माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन खानासोबत होती. तिने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी घेऊन महाराजांनी फौजेला वाट दिली.

हे आपल्याला कुठून कळतं? मुख्यतः परमानंदाच्या ‘शिवभारता’तून. परमानंद महाराजांचा समकालीन होता, ही त्याची मोठी बाजू. पण तो कवी होता आणि संस्कृत महाकाव्य लिहीत होता. महाकाव्यात नायक तेजस्वी असतो, शत्रू गर्विष्ठ असतो आणि दोघांची भाषणं घडवलेली असतात. म्हणून कारतलब आणि रायबागन यांचे संवाद हे त्या दोघांचे शब्द मानायचे नाहीत. लढाईची जागा, माणसं, निकाल यांना मात्र वजन द्यायचं. एकाच ग्रंथातलं काही घ्यायचं, काही बाजूला ठेवायचं, आणि का ते सांगायचं. इतिहासकाराचं निम्मं काम हेच.

सैन्याच्या आकड्यांचं तर विचारूच नका. व्यासपीठागणिक खानाची फौज वाढते आणि मावळे कमी होतात. आपला पराक्रम त्याने मोठा होतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो लहान होतो. उंबरखिंडीचं मोल जागेच्या निवडीत आहे. शत्रू कोणत्या घाटाने उतरेल याची खबर, तो पुरता आत येईपर्यंत धरलेला धीर आणि जिंकल्यावर कत्तल टाळून पैसा घेण्याचं शहाणपण. आकडा फुगवला की या बुद्धीचं श्रेय चमत्काराला जातं.

आणि इथे टीव्हीचं खरं बळ दिसतं. ‘अरुंद वाट’ हे दोन शब्द कागदावर कितीही वाचले तरी अंगावर येत नाहीत. नागफणीच्या कड्यावरून कॅमेरा खाली वळवा, मग त्या वाटेने माणसाला चालवत न्या. ओझं लादलेली जनावरं आणि हत्यारबंद माणसं इथे मागे वळूच शकत नाहीत, हे पाहणाऱ्याला न सांगता कळतं. ढाल-तलवारीचा खोटा खणखणाट लागत नाही. भूगोल हा पुरावाच आहे, आणि तो दाखवण्यात कॅमेऱ्याचा हात कोणी धरू शकत नाही.

घोरपड आणि सिंह

तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. यशवंती घोरपड कड्यावर चिकटली, दोर लागला, मावळे चढले. गड आला पण सिंह गेला, म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला.

आता कागद पाहू. हा कोंढाणा अर्थात पुण्याचा, कर्जतचा नव्हे. एका नावाच्या दोन जागांनीही बरेच घोटाळे होतात. लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. पण महाराजांच्या एप्रिल १६६३ च्या एका पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आधीच आलेलं आहे. सिंह जायच्या सात वर्षं आधी गडाचं बारसं झालेलं होतं. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला बखर लिहिली. तीत महाराज हळहळतात, पण एक गड घेतला आणि दुसरा गमावला, अशा अर्थाने. सिंहाचं वाक्य घरोघर पोचवलं ते ह. ना. आपट्यांच्या कादंबरीने. सभासदाकडे घोरपडही नाही. मावळे वानरांसारखे कडा चढले, असं तो म्हणतो. घोरपड भेटते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात.

मग पोवाडा खोटा? पोवाडा हा पोवाडा आहे. रात्रभर जागणाऱ्या श्रोत्यांसाठी तो रचला गेला आणि तानाजीचं नाव साडेतीनशे वर्षं जागतं ठेवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. मात्र माहितीपटाने घोरपड दाखवायची, तर ‘शाहीर असं सांगतो’ म्हणून दाखवावी. नाहीतर अंधाऱ्या रात्री हाताच्या बोटांवर कडा चढणाऱ्या माणसांचं श्रेय एका सरपटणाऱ्या प्राण्याला जातं.

वस्तूंचंही तसंच. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा बहुतेक बातम्यांत ती निःशंकपणे महाराजांची होती. त्या वाघनखांच्या पेटीवर तसा मजकूर आहे. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला ती मिळाल्याचं त्यात म्हटलं आहे. पण हीच ती वाघनखं का, हे पडताळून सांगता येत नाही, असं संग्रहालयच म्हणतं. पेटीवरचा मजकूर म्हणजे अफझलखान प्रसंगाचा पुरावा नव्हे. पुढे लोक काय मानत होते, त्याचा तो पुरावा आहे. दोन्ही गोष्टी सांगितल्या असत्या, तर वाघनखं पाहायला एकही माणूस कमी आला नसता.

रिमोट हातात असताना

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ चा. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. या मंडळींचा आग्रह साधा होता : आधी कागद दाखवा, मग बोला. आपल्याला दप्तरं धुंडाळायला जायचं नाही. पण कार्यक्रम पाहताना त्यांचे चार प्रश्न उसने घेता येतात.

पहिला : हे कोणी लिहून ठेवलं आणि घटनेनंतर किती वर्षांनी? दुसरा : कॅमेऱ्यापुढचा ‘तज्ज्ञ’ कशातला तज्ज्ञ? लेण्यांविषयी बोलणाऱ्याला ब्राह्मी वाचता येते का? तिसरा : नाट्यरूपांतर कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, ते कळू दिलं का? चौथा सर्वांत सोपा : तासाभरात निवेदक एकदा तरी ‘इथे पुरावा संपतो’ म्हणाला का? जो कार्यक्रम हे म्हणतो, त्याच्या बाकीच्या विधानांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आमच्या रसायनीचंच बघा. हे नाव काही पुराणातलं नाही. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली, पाताळगंगेच्या काठी तिचा रसायनांचा कारखाना उभा राहिला आणि त्यावरून वसाहतीचं नाव पडलं. तिथलं मोहोपाडा गाव त्याआधीचं. आज हे सांगायला कागद आहेत, माणसं आहेत. पण कागद हरवू द्या, दोनशे वर्षं जाऊ द्या. नदीचं नाव पाताळगंगा, गावाचं रसायनी! इथे तप करणाऱ्या आणि अमृताचं रसायन सिद्ध करणाऱ्या एखाद्या ऋषींची कथा तयार व्हायला वेळ लागणार नाही. ती सुंदरही असेल. फक्त तीत पाळीवर जाणारा कामगार कुठे नसेल.

म्हणून कधी कोंढाण्याला गेलात, तर सेल्फी झाल्यावर त्या भग्न यक्षापाशी थोडं थांबा. पांडवांना या लेण्याची गरज नाही. त्यांची कीर्ती महाभारतात सुखरूप आहे. बलकाजवळ मात्र ती एवढी एकच ओळ आहे.