मोलेच्या पायवाटेवर

नाताळची सुटी जवळ आली म्हणजे आमच्या बेळगावातील बहुतेक घरांतून एकच प्रश्न निघतो : यंदा जावयाचे कोठे? समुद्र पाहून झालेला असतो, देवळे आणि चर्चही पाहून झालेली असतात. मग कोणी तरी रानाचे नाव काढतो आणि मंडळी अनमोडचा घाट उतरून मोलेकडे निघतात. तेथून कुळ्यास जायचे, जीपमधून दूधसागर गाठायचा, सुमारे तीनशे मीटर उंचीवरून कोसळणाऱ्या त्या पाण्यापुढे छायाचित्रे काढावयाची आणि सायंकाळी परतावयाचे, असा बहुतेकांचा क्रम ठरलेला. दूधसागर भव्य आहे, यात शंका नाही. परंतु 'रान पाहिले काय?' असे कोणी विचारले, तर 'नाही' असेच खरे उत्तर द्यावे लागेल. दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच न पाहता परत आलो. त्याची शिक्षा आम्हाला आठ दिवस भोगावी लागली. ती हकिकत पुढे सांगतो.

मोलेचे रान म्हणजे भगवान महावीर अभयारण्य. १९६९ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर असून त्यांपैकी १०७ चौरस किलोमीटरांचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान ठरला. मोले नाक्याजवळ वन खात्याचे निसर्ग माहिती केंद्र आहे. पहिल्या सहलीत त्याच्या दारावरून आम्ही तसेच पुढे गेलो होतो. गेल्या डिसेंबरात मात्र प्रथम तेथेच शिरलो आणि तो तास सत्कारणी लागला. नकाशावर बोट ठेवून मुलांनी प्रथम सह्याद्रीचा माथा शोधला, मग ओढे शोधले. अभयारण्यातून जाणारा रेल्वेचा मार्ग दिसताच मुलीने विचारले, "पप्पा, रानातून रेल्वे कशी?" मी तिला सांगितले की, ही गाडी फार जुनी आहे, वाद आहे तो दुसऱ्या रुळांचा. या रानातून दुसरा लोहमार्ग, विजेची वाहिनी आणि रुंद केलेला महामार्ग नेण्याच्या योजनांविरुद्ध २०२० साली गोव्यातील तरुणांनी मोठे आंदोलन उभारले. पुढे २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातील दुसऱ्या रुळांना वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. सातवीतल्या मुलीला मान्यता आणि न्यायालय कितपत कळले कोण जाणे; पण कागदावरची एक रेघ किती झाडांतून जाते, हे तिच्या ध्यानात आले.

केंद्रातून आम्ही जवळच्याच गावातील एक वाटाड्या बरोबर घेतला. निघताना तो एवढेच म्हणाला, "मास्तर, मुलांना पुढे ठेवा आणि गप्पा मागे ठेवा." हा सल्ला मला वर्गातही उपयोगी पडेल, असे वाटले.

येथील रान एकसारखे नाही, हे पायी चालल्याखेरीज समजत नाही. जांभ्या दगडाच्या सपाटीवर ऐन, किंजळ यांसारखे पानगळीचे वृक्ष असतात. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे, असे येथले वर्ष. पानांवाटे पाणी उडून जाते, म्हणून कडक उन्हाळ्यात ही झाडे पानेच टाकून देतात. पण तीच वाट ओढ्याच्या घळीत उतरली की वीस-पंचवीस पावलांत उजेड बदलतो. तेथे जमिनीत ओल टिकते, ऊन खाली पोचत नाही आणि झाडे वर्षभर हिरवी राहतात. मुलगा म्हणाला, "पप्पा, इथे थंड का लागते?" त्याला हात वर करून पाने पाहावयास सांगितले. उत्तर त्यानेच दिले.

ऐनाचे खोड मगरीच्या पाठीसारखे खवल्याखवल्यांचे असते, म्हणून ते लहान मुलांनाही चटकन ओळखता येते. या झाडाच्या खोडात पाणी साठते. २०२४ च्या मार्चमध्ये आंध्र प्रदेशातील पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वन अधिकाऱ्यांनी अशा एका झाडाला छेद दिला, तेव्हा पाण्याची धारच बाहेर पडली. स्थानिक आदिवासींना हे आधीपासून ठाऊक होते. मात्र आपण पाण्याची बाटली घरूनच न्यावी. झाडाला हात लावावा, सुरी लावू नये.

सर्वांत जास्त वेळ आमचा गेला तो एका ठेंगण्या झाडापाशी. हिरवी पाने एकमेकांना चिकटवून केलेला नारळाएवढा गोळा फांदीस लोंबत होता. ते तांबड्या मुंग्यांचे घर होय. कोकणात या मुंग्यांना हुमले म्हणतात. कामकरी मुंग्या ओळीने उभ्या राहून दोन पानांच्या कडा एकत्र ओढून धरतात. दुसऱ्या मुंग्या आपल्या जातीच्या अळ्या तोंडात धरून एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेतात. अळीच्या तोंडातून रेशमी धागा निघतो आणि त्याने शिवण पडते. प्रौढ मुंगीला धागा काढता येत नाही, म्हणून घर बांधण्याचे काम बालकांवाचून अडते! शहापूरच्या मागावर धोटा इकडून तिकडे जाताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच समजेल. माझा मुलगा त्या गोळ्याजवळ इतका गेला की, दोन हुमल्यांनी त्याच्या मनगटाचा समाचार घेतला. तरी तो तेथून हलेना.

पुढे वाटाड्याने मान वर करून बोट दाखविले. उंच झाडाच्या शेंड्याजवळ काटक्यापानांचा एक गोल दिसला, थोड्या अंतरावर दुसरा, मग तिसरा. ही शेकरूची घरटी. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. थोड्याच वेळाने तांबूस अंग आणि झुपकेदार शेपूट घेऊन स्वतः घरमालकही एका फांदीवरून दुसरीवर झेपावला. जवळच्या एका जुन्या वृक्षाला ढोली होती. तीत धनेशाची मादी विणीच्या काळात स्वतःला कोंडून घेते. ढोलीचे तोंड लिंपले जाते, फक्त एक फट राहते आणि नर त्या फटीतून तिला वडा-उंबरांची फळे भरवितो. तो परतला नाही, तर आतल्या पिलांचा जीव धोक्यात येतो. जुना, पोकळ वृक्ष 'निरुपयोगी' म्हणून तोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुपारी तांबडी सुर्ल्याला गेलो. मोलेपासून ते बारा-तेरा किलोमीटरांवर आहे. कदंबकाळातले महादेवाचे लहानसे देऊळ तेथे रानाच्या कुशीत उभे आहे. भोवती सर्वत्र जांभा दगड आणि देऊळ मात्र काळ्या बेसाल्टचे. हा दगड घाटावरून आणला, असे सांगतात. माझ्या मातोश्री त्या आवारात सावलीला बसल्या आणि आम्ही ओढ्याच्या कडेने थोडे चालून आलो. पुढे धबधब्याकडे वाट जाते. परंतु पाण्याचा भरवसा धरू नये. बुडण्याच्या घटना घडल्यामुळे २०२३ च्या जुलैमध्ये वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास मनाई केली होती.

आता त्या शिक्षेविषयी. पहिल्या सहलीत आम्ही झाडाखालच्या पाचोळ्यावर चादर अंथरून जेवलो, मुले त्यातच लोळली. पाचव्या दिवशी मुलाला सणकून ताप भरला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "रानात गेला होतात का?" तोपर्यंत माकडताप हा शब्द मी केवळ वर्तमानपत्रात वाचला होता. हा रोग १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूर रानात प्रथम आढळला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडे त्याच्या साथी झाल्या. त्याचा विषाणू गोचिडी पसरवितात. माणसाला चावते ती बहुधा खसखशीच्या दाण्याएवढी कोवळी गोचीड. तिचा काळ साधारणतः डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या सहलींचा. चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकाएकी मोठा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही. पण त्यावर नेमके औषधही नाही, म्हणून लवकर रुग्णालय गाठणे एवढेच आपल्या हाती असते. रोग्यांपैकी शेकडा तीन ते पाच दगावतात. आमच्या मुलाचा ताप साधाच निघाला. तपासणीचा निकाल येईपर्यंतच्या रात्री मात्र पत्नी आणि मी आळीपाळीने जागून काढल्या.

म्हणून या वेळी सर्वांच्या अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे होते, पायमोज्यांत खोचलेल्या विजारी होत्या आणि कीटक दूर ठेवणारे तेल चोपडलेले होते. पाचोळ्यावर बसणे नाही, जेवण खडकावर. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वन किंवा आरोग्य खात्यास कळवावयाचे, हे मुलांना बजावले होते. घरी येताच साबण लावून ऊन पाण्याने आंघोळी झाल्या, कपडे गरम पाण्यात गेले आणि कानामागे, काखेत, गुडघ्यांमागे एकमेकांची तपासणी झाली. गोचीड चिकटलेली आढळल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. चिरडू नये, काडीने जाळू नये की तिच्यावर रॉकेलही ओतू नये.

नंतर आठ दिवस आम्ही कॅलेंडरावर खुणा केल्या. ताप कोणासही आला नाही. मुलीने आपल्या वहीत त्या दिवसाचा हिशेब मांडला आहे, तो जसाच्या तसा वाचून दाखवितो : शेकरू एक, शेकरूची घरटी तीन, हुमल्यांची घरे दोन, वाघ शून्य, गोचीड एक, पप्पांच्या पायमोज्यावर.