जुन्या मदरबोर्डसाठी सर्वाधिक वेगवान सुसंगत प्रोसेसरची निवड : जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संदर्भात

१. प्रस्तावना

उच्च शिक्षणात संगणक हे आता केवळ संगणकशास्त्र विभागाचे साधन राहिलेले नाही. प्रवेश, परीक्षा अर्ज, ग्रंथालय, लेखा विभाग आणि अध्यापन या साऱ्यांचा भार त्यावर आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयेही यास अपवाद नाहीत. नॅकने २०१७ मध्ये आणलेल्या सुधारित मूल्यांकन चौकटीत विद्यार्थी-संगणक गुणोत्तराची नोंद होती. परंतु अशा गुणोत्तरात संगणकांची संख्या मोजली जाते, वेग नव्हे. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक डेडस्टॉक नोंदवहीत टिकून राहतो आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला मात्र विद्यार्थ्याचा वेळ खातो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार संपला. तेव्हापासून खरेदी समितीपुढे एक प्रश्न ठळकपणे उभा राहतो : नवा संगणक घ्यावा, की जुन्याच मदरबोर्डवर अधिक वेगवान प्रोसेसर बसवावा? वेतनेतर खर्चासाठी मिळणारी रक्कम तुटपुंजी असताना या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देणे परवडणारे नाही. असा प्रोसेसर कसा शोधावा आणि त्यातून नेमके काय साधते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. सुसंगततेच्या चार कसोट्या

पहिली कसोटी सॉकेटची. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो, तिची रचना दोहोंकडे सारखी असावी लागते. बहुतेक खरेदीदार येथेच थांबतात आणि फसतात. दुसरी कसोटी चिपसेटची. इंटेलच्या एलजीए ११५५ या सॉकेटवर दुसऱ्या पिढीचे (२०११) व तिसऱ्या पिढीचे (२०१२) प्रोसेसर बसतात. तथापि क्यू६५, क्यू६७ व बी६५ या चिपसेटसाठी इंटेलने तिसऱ्या पिढीस मान्यता दिलेली नाही. तिसरी कसोटी बायॉसची. मदरबोर्डनंतर बाजारात आलेल्या प्रोसेसरची ओळख जुन्या बायॉसला नसते, म्हणून त्याचे अद्यतन आवश्यक ठरते. चौथी कसोटी विद्युत व उष्णतेची. प्रत्येक प्रोसेसरची उष्णतामर्यादा वॅटमध्ये दिलेली असते. मदरबोर्डची वीजव्यवस्था व पंखा यांना ती पेलणे आवश्यक आहे.

या चारही कसोट्यांचे एकत्रित उत्तर मदरबोर्डच्या निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या प्रोसेसर-यादीत सापडते. यादीत प्रत्येक प्रोसेसरपुढे बायॉसची किमान आवृत्ती नमूद असते. 'सीपीयू-झेड' या विनामूल्य प्रणालीद्वारे मदरबोर्डचे नेमके नाव, चिपसेट व बायॉसची आवृत्ती पेटी न उघडता समजते.

३. एच६१ मदरबोर्डचे उदाहरण

एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर पेन्टियम जी६२० प्रोसेसर असा संगणक घेऊ. जी६२० मध्ये दोन कोअर असून वेग २.६ गिगाहर्ट्झ आहे. बायॉसचे अद्यतन उपलब्ध असल्यास या मदरबोर्डवर कोअर आय७-३७७० बसू शकतो : चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झ (कमाल ३.९), ७७ वॅट. आय७-३७७०के याचा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ असला तरी कमाल वेग तोच आहे. शिवाय त्याचे वैशिष्ट्य असलेली वेग वाढवण्याची मुभा एच६१ देत नाही. अद्यतन उपलब्ध नसल्यास दुसऱ्या पिढीतील आय७-२६०० (९५ वॅट) हा पर्याय उरतो. मदरबोर्डची मर्यादा ६५ वॅटची असल्यास आय७-३७७०एस पाहावा. आय५-३३५०पी यासारख्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत चित्रप्रणाली नसते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडदा कोराच राहील.

४. वेग वाढतो, आयुष्य वाढतेच असे नाही

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. विंडोज ११ च्या मान्यताप्राप्त यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होतात. एच६१ वर कितीही वेगवान प्रोसेसर बसवला तरी तो या यादीत येत नाही. एच११० मदरबोर्डची स्थितीही तीच आहे. आठव्या पिढीच्या सॉकेटचे नाव एलजीए ११५१ असेच असले, तरी एच११० ची मजल सातव्या पिढीपर्यंतच जाते.

एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट निराळी आहे. ए३२० चिपसेटच्या मदरबोर्डवर रायझन ५००० मालिका चालवण्याची वाट एएमडीने २०२२ मध्ये मोकळी केली. त्यामुळे निर्मात्याने बायॉस दिले असल्यास ए६-९५०० च्या जागी रायझन ५ ५६००जी (सहा कोअर, ६५ वॅट) बसवता येतो आणि विंडोज ११ चा मार्गही खुला होतो. मात्र काही मदरबोर्डवर नव्या बायॉसमधून जुन्या प्रोसेसरची ओळख वगळलेली असते. म्हणून नवा प्रोसेसर हाती आल्याखेरीज अद्यतन करू नये.

५. प्रत्यक्ष कार्यवाही

अद्यतन जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावे लागते. त्या काही मिनिटांत वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून यूपीएस चालू स्थितीत असल्याची खात्री करावी. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पंख्यातील धूळ काढणे व थर्मल पेस्ट नव्याने लावणे हा येथे उपचार नसून गरज आहे. अन्यथा तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग घटवतो आणि खर्च वाया जातो.

या पिढ्यांचे प्रोसेसर आता प्रामुख्याने वापरलेल्या स्थितीत मिळतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करताना पूर्ण क्रमांक लिहून न्यावा. एएम४ प्रोसेसरच्या तळाशी असलेल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, हे पाहावे. इंटेलच्या उपरोक्त सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डवर असतात.

६. समारोप

सारांश, प्रयोगशाळेतील संगणकांचे तीन गट करणे श्रेयस्कर ठरते. ज्यांवर प्रोसेसर बदलून विंडोज ११ चालू शकते, त्यांवर खर्च करावा. ज्यांवर ते शक्य नाही, तेथे आधी ८ जीबी मेमरी व एसएसडी बसवून पाहावे. दैनंदिन कामात जाणवणारा संथपणा बहुधा हार्ड डिस्कचा असतो. अशा संगणकांवर सी-डॅकची बॉस लिनक्स किंवा उबुंटू वापरता येते. विंडोज १० आवश्यकच असल्यास शिक्षणसंस्थांना कमाल तीन वर्षे सशुल्क सुरक्षा अद्यतने उपलब्ध आहेत. उरलेले संगणक १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे सोपवावेत. सर्वाधिक वेगवान प्रोसेसर शोधणे हे यादी पाहण्याचे काम आहे; तो घ्यावा की नाही, हे ठरवणे हे शिक्षकाचे काम आहे.