हद्दींचा हिशोब : पाटोदा परिसर

शब्द समजून घेऊ
• शीव : गावाची हद्द. तिच्या आतली जमीन म्हणजे शिवार.
• परिवेष्टित प्रदेश : चहूबाजूंनी दुसऱ्याच्या हद्दीने वेढलेला तुकडा. नकाशावर बंद कड्यासारखा दिसतो.
• तुटक भाग : मूळ प्रदेशापासून अलग पडलेला तुकडा. तो एकाहून अधिक शेजाऱ्यांना लागून असू शकतो किंवा त्याला समुद्रकिनाराही असू शकतो.
• त्रिसीमा : तीन हद्दी मिळतात तो बिंदू.

पाटोद्याच्या शिवेवर
• बीड, अहिल्यानगर आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या हद्दी पाटोदा–जामखेड–भूम परिसरात एकत्र येतात.
• मांजरा पाटोदा तालुक्यात बालाघाटावर उगम पावते. पुढे काही अंतर तिचे पात्र हीच बीड–धाराशिव जिल्ह्यांची हद्द.
• मांजरेचे पाणी गोदावरीला जाते. सौताड्याच्या रामेश्वर दरीत उडी घेणाऱ्या विंचरणेचे पाणी सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळते. तालुका एक, खोरी दोन.

तारखा
• 1948 पर्यंत : पाटोदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, शेजारचे जामखेड मुंबई इलाख्यात.
• जानेवारी 1950 : परिवेष्टित प्रदेश लगतच्या प्रांत-राज्यांत सामील करण्याचा केंद्राचा आदेश.
• 1 नोव्हेंबर 1956 : मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात.
• 1 मे 1960 : महाराष्ट्र राज्याची स्थापना.

देशाच्या सीमेवर
• भारत–बांगलादेश सीमेवरच्या परिवेष्टित वस्त्यांना ‘छिटमहल’ म्हणत. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री भारताचे 111 आणि बांगलादेशाचे 51 छिटमहल अदलाबदलीने विलीन झाले.